वकिलीची सनद आणि मोडीची रेघ

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी, न्यायालयासमोरच्या गल्लीतील एका वयोवृद्ध वकिलांच्या कचेरीत मी बसलो होतो, तेव्हा सत्तरीच्या घरातील एका शेतकरी गृहस्थांनी कापडी पिशवीतून एक कागद काढून मेजावर ठेवला. मुद्रांकाचा तो कागद चार घड्यांचा होता आणि घडीच्या रेषांवर इतका विरला होता की उलगडताना त्याखाली वहीचा पुठ्ठा धरावा लागला. शाई मात्र शंभर वर्षे लोटली तरी काळीभोर होती. शके १८४५ चे, म्हणजे १९२३-२४ सालातले, मोडीत लिहिलेले ते खरेदीखत. त्याला एक टंकलिखित बालबोध नक्कल टाचलेली होती; ती कोणी केली आणि केव्हा केली हे घरात कोणालाच आठवत नव्हते. भाऊबंदांत तंटा होता तो विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा, आणि नक्कल एवढेच सांगत होती की पणजोबांनी जमिनीबरोबर विहिरीतील हिस्सा खरेदी घेतला. किती हिस्सा, हे मात्र तीत नव्हते. ‘हिस्सा’ या शब्दापुढे पूर्णविराम होता आणि मजकूर पुढे चतुःसीमांकडे वळला होता.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी त्या कचेरीत येत असे. वकीलसाहेबांनी मूळ कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “यात विहीर कुठं आहे, दाखव बरं.” तिने पट्टी घेतली, ती ओळीखाली धरली, आणि ओठांतल्या ओठांत अक्षरे लावीत सहाव्या ओळीपर्यंत आली. तेथे ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “सर, हा पूर्णविराम नाही. मोडीत पूर्णविराम नसतोच. ही उभी रेघ म्हणजे पाव आहे.”

जुन्या मराठी हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण, हे आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. परंतु केवळ तेवढ्यावर विसंबून न राहता त्या मुलीने कागदात आणखी खाली, जमिनीचा आकार लिहिला होता ती जागा शोधून काढली. तेथे दोनाच्या आकड्यापुढे दोन उभ्या रेघा होत्या, आणि नक्कल करणाराने त्याही विरामचिन्ह समजून सोडून दिल्या होत्या. मिसलीत त्याच सर्व्हे नंबरच्या जुन्या आकाराचा उतारा होता. त्यात आकार २ रुपये ८ आणे, म्हणजे अडीच रुपये, असा स्पष्ट होता. दोन रेघा अर्ध्याच्या ठरल्या तर एक रेघ पावाची ठरते, हे सांगायला मग कोणा तज्ज्ञाची आवश्यकता उरली नाही. शेतकरी गृहस्थ काही वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. “म्हणजे ताई, चार आणे हिस्सा,” ते म्हणाले. “आमचा बाप मरेपर्यंत तेच सांगत होता.”

त्या विद्यार्थिनीने आदल्या सुटीत मोडी लिपीचा महिनाभराचा वर्ग केला होता आणि त्याचे प्रमाणपत्र तिच्यापाशी होते. विधी महाविद्यालयात शिकत असताना एखाद्या विशेष विषयाचे प्रमाणपत्र मिळवावे की नाही, मिळवावयाचे तर कोणते, आणि ते मिळविण्यास नियमांची अनुज्ञा कितपत आहे, असे प्रश्न आज अनेक विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारीत असतात. त्यांचा विचार मला त्या विहिरीपासून सुरू करावासा वाटतो.

विधीची पदवी ही स्वभावतः सर्वसाधारण पदवी आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिलने, २००८ साली केलेल्या विधिशिक्षणाच्या नियमांनुसार करार, अपकृत्ये, दंडविधान, पुरावा, दिवाणी व फौजदारी प्रक्रिया, मालमत्ता हस्तांतरण, संविधान असे सक्तीचे विषय प्रत्येकाने शिकावयाचे असतात. त्यांच्या जोडीला ऐच्छिक विषय, आणि मसुदालेखन, व्यावसायिक नीती, तंटामुक्तीचे पर्यायी मार्ग व अभिरूप न्यायालय यांचे प्रत्यक्ष कामाचे विषय असतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आठवडे वकिलांच्या कचेरीत, न्यायालयात किंवा तत्सम ठिकाणी उमेदवारी करणेही आवश्यक आहे. एवढे सारे पार पडून सनद हाती आली आणि अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण झाली, तरी नव्या वकिलाला प्रत्येक शाखेची तोंडओळखच तेवढी असते. यात पदवीचा दोष नाही, कारण पाया रुंद असावाच लागतो. पण पहिल्याच पक्षकाराने जो कागद पुढे ठेवला तो आपल्याला वाचताच येत नाही, असा प्रसंग आला म्हणजे त्या रुंद पायावर अजून एकही खोली उभी नाही याची जाणीव होते. विशेष प्रमाणपत्राची ओढ या जाणिवेतून निर्माण होत असेल तर ती अगदी योग्य आहे.

मात्र येथे एक अट आहे आणि ती पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसते. याच २००८ च्या नियमांपैकी सहावा नियम सांगतो की विधी पदवीच्या अभ्यासक्रमास नाव असताना त्याच किंवा अन्य विद्यापीठाच्या वा संस्थेच्या दुसऱ्या पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमास एकाच वेळी नाव दाखल करता येणार नाही. या निर्बंधाला अपवाद आहेत ते भाषा, संगणकशास्त्र किंवा संगणकाचा वापर यांविषयीच्या अल्प मुदतीच्या अंशकालिक प्रमाणपत्र वर्गांचे आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रामार्फत चालणाऱ्या अभ्यासक्रमांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मोकळीक दिली, तेव्हा सगळ्याच भिंती पडल्या असा समज पसरला. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत ज्या त्या व्यवसायाच्या वैधानिक परिषदेचे नियम लागू राहतील असेही म्हटलेले आहे, आणि विधिशिक्षणापुरती ती परिषद म्हणजे बार कौन्सिल. म्हणून कोणत्याही वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी हा नियम स्वतः वाचावा, आणि आपल्या प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून त्यावर लेखी उत्तर घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. महाविद्यालयातील प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थितीची अट वेगळीच आहे. तिकडे दुर्लक्ष करून मिळविलेले प्रमाणपत्र परीक्षेला बसू देण्यास उपयोगी पडत नाही.

कर, कामगार, बौद्धिक संपदा, संगणकीय गुन्हे यांच्या पदविकांची महती येथे सांगण्याची गरज नाही. करसल्लागाराकडे किंवा कारखान्याच्या कचेरीत जाण्याचा ज्यांचा निश्चय झाला आहे त्यांना त्या उपकारक ठरतात. त्यांपैकी अनेक पदवीनंतर घ्यावयाच्या असतात आणि त्या तशा, सवडीने, घेतलेल्याच बऱ्या. आठवड्याभरात घरबसल्या मिळणाऱ्या, भारदस्त नावांच्या प्रमाणपत्रांनी आपली माहितीपत्रे भरून टाकणारे विद्यार्थी पाहिले की मात्र वाईट वाटते. त्यांच्या आईबापांनी ते शुल्क काटकसर करून दिलेले असते, आणि त्या अभ्यासानंतर त्यांना असे एकही काम करता येत नाही जे त्यापूर्वी येत नव्हते. प्रमाणपत्राची माझी कसोटी एवढीच आहे: त्या वर्गाला जाण्यापूर्वी जो कागद मुका होता तो नंतर बोलू लागला काय? या कसोटीला मोडीइतके पूर्ण उतरणारे दुसरे शिक्षण, निदान महाराष्ट्रात दिवाणी व महसुली काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, मला दिसत नाही. आणि भाषेच्या अल्प मुदतीच्या अंशकालिक वर्गाला जो अपवाद नियमाने दिला आहे, त्याचा आशय या वर्गांना लागू पडावा असे माझे मत आहे. अर्थात प्राचार्यांच्या लेखी उत्तराची गरज त्यामुळे टळत नाही.

मोडी ही मराठीचीच जलद लेखनाची लिपी. यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने ती प्रचारात आणली अशी परंपरागत समजूत आहे. राज्यकारभार, पत्रव्यवहार, जमाखर्च आणि दस्तऐवज हे सारे या लिपीत शतकानुशतके लिहिले गेले. विल्यम केरीने १८१० साली सेरामपूरला मराठीचा कोश छापला तोही मोडी टाइपात. पुढे छापखान्यात बालबोधीने तिची जागा घेतली तरी तलाठ्याच्या, कुळकर्ण्याच्या आणि सावकाराच्या दप्तरात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदत होती, आणि नंतर शाळांतून तिचे शिक्षण थांबल्यावर एका पिढीच्या अवधीत तिचे वाचक गेले. जमिनीचे व्यवहार मात्र गेले नाहीत. ज्या खरेदीखतावर, गहाणखतावर, वाटणीपत्रावर आणि इनामाच्या सनदेवर आजचा सातबारा उभा आहे, ते कागद पेट्यांत, रुमालांत आणि अभिलेख कक्षांत तसेच पडून आहेत.

तिच्या लेखनाची रीत एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे अडचण कळते. लेखक आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक अखंड आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेला अक्षरे टांगीत जाई. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. ओळीत ‘पाचशेतीस’ एवढी अक्षरे सलग आली तर ते ‘पाचशे तीस’ की ‘पाच शेतीस’, हे मागचा-पुढचा मजकूर समजल्यावाचून ठरत नाही. येथेच विधीच्या विद्यार्थ्याचा अधिकार इतर वाचकांहून थोडा अधिक होतो, कारण दस्तऐवजात कोणत्या जागी मोबदल्याची रक्कम यावी आणि कोणत्या जागी मिळकतीचे वर्णन यावे, हे त्याला मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने शिकवलेले असते.

लिपी लागली तरी शब्द लागायचे राहतात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे न कळल्यामुळे वंशावळीत सून मुलगी होऊन बसते. कालगणनेचे तेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, दख्खनी फसलीत ५९० मिळवावे लागतात, आणि ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्द दिसले की ते सुहूर सन ११७१ असून इसवी १७७०-७१ शी जुळते, हे टिपून ठेवावे लागते. इनामाच्या सनदांतील ठरीव शब्दावळी तर विधीच्या विद्यार्थ्याने मुखोद्गतच करावी अशी आहे. कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, म्हणजे सारे कर, आजचे व पुढचे. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, म्हणजे भूमीवर आणि भूमीत जे जे आहे ते. आणि मग ‘खेरीज हक्कदार’, म्हणजे ज्यांचे हक्क आधीपासून चालत आले आहेत ते वगळून. हे शेवटचे दोन शब्द वाचताना निसटले तर ज्याला सरकारचा सारा मिळण्याचा हक्क दिला होता त्याला साऱ्या गावाच्या जमिनीचा मालक ठरविण्याची चूक होऊ शकते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि विल्सनचा १८५५ चा न्याय व महसूल संज्ञांचा कोश ही दोन पुस्तके ज्याच्या फळीवर आहेत, त्याचे या वाटेवर फारसे अडत नाही.

आता न्यायालयात याला स्थान कोणते? १८७२ च्या पुरावा कायद्यात ९८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते १०१ वे झाले आहे. सहज न वाचता येणारी किंवा सर्वसामान्यांना न समजणारी अक्षरे, कालबाह्य, पारिभाषिक आणि स्थानिक शब्द, संक्षेप, यांचा अर्थ दाखविण्यासाठी पुरावा देता येतो, असे ते म्हणते. वर्गात हे कलम दोन मिनिटांत संपते. मोडी कागद हाती आला की त्यातला प्रत्येक शब्द जिवंत होतो. जुन्या ९० व्या आणि आताच्या ९२ व्या कलमानुसार ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर झाला असेल तर त्यावरील सही व हस्ताक्षर त्या त्या माणसाचेच आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. पण दस्तऐवज खरा धरला म्हणून त्यातला मजकूर आपोआप वाचला जात नाही, आणि चुकीच्या नकलेने खरा कागदही खोटे बोलू लागतो.

या विद्येची निकड साऱ्या महाराष्ट्राला अलीकडे एकदम जाणवली. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यांतून गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची कोतवाल बुके, शाळांची जुनी रजिस्टरे आणि महसुली कागद बाहेर निघाले. त्यांतील पुष्कळ मोडीत होते, मराठवाड्यात काही उर्दूत होते, आणि वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जातीचा दाखला पडताळणीस आला म्हणजे तो सिद्ध करण्याचा भार २००० सालच्या अधिनियमाने दावा करणारावरच टाकलेला आहे. अशा वेळी पणजोबांच्या नावापुढची दोन अक्षरे नीट वाचली जातात की नाही यावर एखाद्या मुलाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहते. या कामात घाईने, अथवा पक्षकाराच्या इच्छेकडे पाहून, जे वाचन होईल त्याचे परिणाम केवळ एका घरापुरते राहणार नाहीत. म्हणून ज्याला कायदाही कळतो आणि लिपीही, अशा वाचकाची आवश्यकता मला येथे सर्वांत अधिक वाटते.

शिकण्याची सोय आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, जे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली स्थापले, तेथे आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या वतीने मोडीचे वर्ग होत आले आहेत. पहिल्या आठवड्यात अक्षरे आणि बाराखडी गिरवून होते, दुसऱ्यात जोडाक्षरे, आणि मग छापील नमुन्यांवरून प्रत्यक्ष कागदांकडे. परंतु वर्ग संपला म्हणजे वाचन येऊ लागले असे कोणी समजू नये. इंग्रजी अमलातील, टाकाने लिहिलेले दस्तऐवज प्रथम लागतात; पेशवाईतील बोरूचे वळण मग; शिवकालीन कागद, त्यांतील फारसी शब्दांसह, सर्वांत शेवटी. रोज एक कागद, तोही आधी स्वतःच्या हाताने मोडीतच उतरवून आणि मग बालबोधीत, असा वर्षभराचा क्रम ज्याने ठेवला त्याच्या वाचनावर मी विश्वास ठेवीन. कोणताही कागद प्रथम अशा वाचकाने हाती घ्यावा, की ज्याला न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न लिहिता रिकामी जागा सोडण्याचे धैर्य आहे.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या दाव्यात आपण वकील म्हणून उभे आहोत त्यात वाचक म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता येत नाही. आपण साक्षीदार होऊ असे मानण्यास कारण असेल तर ते वकीलपत्र घेऊ नये, असे बार कौन्सिलचे व्यावसायिक आचरणाचे नियम सांगतात. तेव्हा मोडी जाणणाऱ्या वकिलाने स्वतः वाचून पक्षकाराची बाजू समजून घ्यावी, दावा मुदतीत आहे की नाही आणि लढण्यासारखा आहे की नाही हे ठरवावे, समोरच्या पक्षाने दाखल केलेल्या लिप्यंतरातील चूक उलटतपासात उघडी करावी. पण न्यायालयापुढे ठेवावयाचे लिप्यंतर दुसऱ्या, स्वतंत्र जाणकाराकडून करून त्याला साक्षीस आणावे. त्या कचेरीतही तसेच ठरले. मुलीने केलेले वाचन बाजूस ठेवून मूळ कागदाचे छायाचित्र दुसऱ्या गावच्या एका निवृत्त शिक्षकांकडे पाठवायचे, त्यांना विहिरीच्या तंट्याविषयी एक शब्दही सांगायचा नाही, आणि त्यांनी ओळीला ओळ लावून दिलेली बालबोध प्रत मूळ दस्तासोबत यादीने दाखल करायची.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा काम न्यायालयात लागले होते. शिक्षकांच्या प्रतीत सहाव्या ओळीत ‘विहिरीतील हिस्सा पाव’ असे शब्द होते. त्यांची साक्ष झाली, दस्त पुराव्यात वाचला गेला आणि न्यायालयाने त्यास निशाणी क्रमांक दिला. लिपिकाने तो आकडा लाल शाईने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात घातला. खालच्या कोपऱ्यात, लिहून देणाराला सही येत नव्हती म्हणून, शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बोरूने एक छोटा नांगर काढला होता, आणि त्याच्या शेजारी मोडीत लिहिले होते: निशाणी नांगर.